पाल्याची खोली

अक्काच्या पाल्याला भोकं नसायची. माझ्या तरुणपणातलं एक अख्खं वर्ष मी या एका गोष्टीवर जळण्यात घालवलं, म्हणून सुरुवातही तिथूनच करते. पाला म्हणजे विडीचा, तेंदूचा. पान मऊ, रुंद आणि धड असलं की पत्र्याचा फर्मा ठेवून कापताना त्यातून तुकडे जास्त निघतात, वळताना ते चिरत नाहीत आणि विडी कशी नीटस होते. पान जून, शिरांचं, किडीनं चाळण केलेलं असलं की निम्मं सुपात तसंच पडून राहतं आणि बाई दिवसभर कपाळाला आठ्या घालून बसते. आमच्या गल्लीत घरोघरी बायका मांडीवर सूप घेऊन विड्या वळत. कुणाच्या घरातून भांड्यांची आदळआपट ऐकू आली की शेजारची नरसम्मा मावशी म्हणायची, "पाला खराब आला वाटतं." अशा गल्लीत माझी बहीण रोज सकाळी कारखान्याच्या शाखेतून असा पाला घेऊन यायची, की बघणाऱ्याला त्यावरून हात फिरवावासा वाटायचा. मलाही वाटायचा, आणि मी मुद्दाम फिरवत नसे.

आमचं घर दोन खोल्यांचं. आप्पा वळसंग सोडून शहरात आले आणि पॉवरलूमवर टॉवेल विणायला लागले. भिंतीपलीकडेच कुणाचे तरी माग होते. त्यांची खडखड दिवसभर चालायची, आणि वीज गेली की अचानक थांबायची. मग आपण किती ओरडून बोलत होतो ते आमचं आम्हाला ऐकू यायचं. आई विडी वळायला नरसम्मा मावशीकडून शिकली. मावशी तेलुगू, आई गावाकडची; सुरुवातीला दोघींना एकमेकींचं निम्मंच कळायचं, पण बोटांचं काम बघून शिकता येतं. तंबाखूचा वास आमच्या केसांत, अंथरुणात, पिठाच्या डब्यात. पाहुणे आले की शिंकायला लागायचे आणि आम्ही तोंड दाबून हसायचो. सकाळी कडक भाकरी, शेंगांची चटणी आणि तिच्यात तेलाची धार, एवढं खाऊन सुपावर बसायचं ते ऊन ओट्यावरून उतरेपर्यंत. संध्याकाळी पाला पाण्यात भिजवून ओल्या पोत्यात गुंडाळायचा. त्याचा एक मातकट, गोडसर वास घरभर पसरायचा. आता जुळे सोलापुरात लेकाच्या फ्लॅटमध्ये मला सगळं काही मिळतं, तो वास तेवढा मिळत नाही, आणि खरं सांगायचं तर मला तो नकोही आहे.

मी जन्माची जळकी. हे मी कधी लपवलं नाही, सुनेलाही लग्नानंतर आठवडाभरात कळलं. शारदाअक्का माझ्याहून दोनेक वर्षांनी मोठी, विशीतली. तिची वेणी कमरेखाली, माझी उंदराची शेपटी. तिची बोटं लांबसडक, विडीचं तोंड ती असं दुमडायची की नखाचा ठसाही राहू नये. मी वळलेली विडी मात्र भिजून फुगल्यासारखी दिसायची. आप्पा तिला "शारदाबाई" म्हणायचे आणि मला "ए सुमे." भाकरी फुगली की तिचा वरचा पापुद्रा आई अक्काच्या ताटात टाकायची, कारण तिला तो आवडतो, मलाही आवडतो हे कुणाच्या ध्यानातच नव्हतं. मी बारावीला नापास होऊन घरी बसले त्याच महिन्यात तिला वळसंगकडचं एक स्थळ सांगून आलं. मुलगा एसटीच्या डेपोत मेकॅनिक, स्वभावानं गरीब म्हणे. मला त्या मुलाशी काही देणंघेणं नव्हतं, तरी त्या दिवशी मी जेवताना कुणाशी बोलले नाही.

शाखा म्हणजे पत्र्याचं एक लांब शेड आणि पुढे अंगण. बायका आदल्या दिवशीच्या विड्या टोपलीत घेऊन रांगेत बसत. ओट्यावर दिवाणजी बसायचा. तो विड्यांची एकेक जुडी हातात दाबून बघायचा आणि पसंत न पडलेल्या विड्या बाजूला टाकायचा. त्याला छाट म्हणत. छाट गेली ती गेली, तिच्याबद्दल बोलायचं नसे. उद्याचा पाला देणारही तोच. शेडच्या मागच्या अंगाला पाल्याची खोली होती, तिला खिडकी नव्हती, कारण वाऱ्यानं पान वाळतं. दिवाणजी पन्नाशीचा, कपाळाला गंध लावणारा, बायकांना "ताई", "माय" म्हणणारा. गणपतीत आमच्या गल्लीच्या आरतीला त्याला आवर्जून बोलावत आणि ताट त्याच्याच हातात देत.

पूर्वी आईच शाखेत जायची. तिचे गुडघे धरायला लागल्यापासून अक्का जायला लागली, आणि थोड्याच दिवसांत घरात येणारा पाला बदलला. बाकीच्यांना अंगणात वजन करून मिळेल तो घ्यावा लागे. अक्काला मात्र दिवाणजी म्हणायचा, "शारदा, तू आत जा, निवडून घे." आई खूश. म्हणायची, "पोरीच्या हाताला गुण हाय, मानसाला कळतंय की." मी मनात म्हणायचे, गुण माझ्याही हातात असेल, पण मला कोण आत बोलावतंय? वाटेत बायका भेटायच्या आणि म्हणायच्या, "तुज्या भनीचं बरं हाय बाई." त्यांच्या बोलण्यातला तो खवचट सूर मला फार आवडायचा. निदान जळणारी मी एकटीच नव्हते.

त्याच सुमारास अक्कानं आप्पांचा जुना पांढरा शर्ट साडीवरून घालायला सुरुवात केली. शेतात कामाला जाणाऱ्या बायका घालतात तसा, लांब बाह्यांचा, गळ्यापर्यंत गुंड्या लावून. उन्हाळा असा पेटलेला की ओट्यावर पाय ठेववत नव्हता, आणि ही बाई शर्ट घालून शाखेत जायची, घरी आली की काढून साबण लावून धुवायची. रोज. मला त्यात काय दिसलं? आप्पांनी आपला शर्ट तिला दिला आणि मला दिला नाही, एवढंच. मी आप्पांपाशी रडून गोंधळ घातला तेव्हा त्यांनी हसत मला कोपरात विरलेला एक निळा शर्ट काढून दिला. अक्का हसली नाही. म्हणाली, "हिला कशाला? ही कुटं जातीया?" मी तो टोमणा समजून पुढचे कितीतरी दिवस मनात धरला. तिचं जेवणही कमी झालं होतं, पापुद्रा ताटाच्या कडेला तसाच राहायचा. आईला वाटलं लग्नाचा विचार करतेय. मला वाटलं भाव खातेय, आणि तो पापुद्रा मी उचलून खाल्ला.

परवा हे सगळं नातीला सांगत होते. ती पुण्याला ऑफिसात आहे, तिकडे म्हणे अशा तक्रारींसाठी समिती असते. ती म्हणाली, "आजी, तुला इतकं सगळं दिसत होतं, मग कळलं कसं नाही?" मी म्हटलं, बाई, जळणाऱ्याला समोरचीच्या हातात काय आलं ते अगदी बारीक दिसतं, त्यासाठी तिचं काय गेलं ते दिसत नाही. तिला ते पटलं नाही. मग तिनं चहा केला आणि विषय बदलला.

लग्नाची बोलणी पुढे सरकली तेव्हा आई म्हणाली, "उद्या शारदा गेली की शाखेत सुमीलाच जायचंय. आजपासनं संगं ने हिला." अक्का म्हणाली, "सुमी नको. गुडघं बरं झालं की तूच जा." मी भडकले. म्हटलं, "सगळं तुलाच पायजे व्हय?" आणि टोपली उचलून तिच्या मागे निघाले.

रांगेत आमची पाळी आली. दिवाणजीनं जुड्या बघितल्या, एकही विडी बाद केली नाही आणि नेहमीसारखा म्हणाला, "शारदा, आत जा." अक्का म्हणाली, "आज भाईरच द्या." त्यानं तिच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि अंगणातल्या ढिगातून पाला तोलून तिच्या टोपलीत टाकला. पानं कसली, चाळण्या. दिवसभर आता हे घेऊन बसायचं.

"अक्का, जा की आत! घरी काय सांगायचं?"

ती जागची हलली नाही.

"तुला जायचं नसंल तर मी जाते," म्हणून मी उठले.

दिवाणजी हसला. "ही धाकटी व्हय? ये की पोरी. निवडून घे तुला पायजे तसला."

मला आनंद झाला होता, तो मी अजून विसरले नाही. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी मला अक्काच्या आधी बोलावत होतं. मी खोलीच्या दारापर्यंत पोचलेसुद्धा, आणि मागून माझ्या टाळूला असा हिसका बसला की मी बायकांच्या टोपल्यांवर जाऊन पडले. अक्कानं माझी शेपटी मनगटाला गुंडाळून ओढली होती. चहूकडे विड्या सांडल्या.

"ती आत जाणार न्हाय," अक्का म्हणाली.

"अगं, पाला घ्यायलाच—" दिवाणजी म्हणाला.

"आत तुमी पाला देत न्हाई. दार लावता आनि माज्या अंगाला हात घालता. माज्या भनीला हात लावला तर कात्री खुपसीन."

भिंतीपलीकडचे माग बंद पडल्यावर होते तशी शांतता झाली. मी बायकांकडे पाहिलं. कुणी दचकलं नव्हतं, कुणी पदर तोंडाला लावला नव्हता, "काय म्हनलीस?" असंही कुणी विचारलं नाही. जी ती आपापल्या टोपलीत बघत होती. हे तिथं कुणालाच नवं नाही, हे मला त्यांच्या वाकलेल्या मानांवरून समजलं. दिवाणजी म्हणाला, "पोरीला ऊन लागलंय, घरी न्या तिला." आणि त्यानं पुढच्या बाईची जुडी हातात घेतली. नरसम्मा मावशीनं आम्हा दोघींना दंडाला धरून घरी आणलं.

आई खलबत्त्यात शेंगा कुटत होती. अक्का सांगत होती तोवर तिचा हात थांबला नाही. शेंगांचं पार पीठ झालं, तेल सुटलं, तरी ती कुटतच होती. शेवटी तिनं विचारलं, "कवापासनं?"

"तू जायची बंद झालीस तवापासनं."

आईनं बत्ता खाली ठेवला आणि आपल्या दुखऱ्या गुडघ्यावर बुक्की मारली. मग दुसऱ्या गुडघ्यावर. मावशीनं तिचे हात धरले.

संध्याकाळी गल्लीतल्या चारपाच जणी आमच्याकडे जमल्या. आप्पा बाहेर पायरीवर पाठमोरे बसले होते, त्यांनी एवढंच सांगितलं होतं, "काय बी करा, पोरीचं नाव निघाय नको." बायकांचं ठरलं ते असं. मॅनेजरकडे जायचं आणि सांगायचं की दिवाणजी पाला वाईट देतो, छाट मुद्दाम जास्त काढतो आणि नंतर ती परस्पर विकतो. यातलं काही खोटं नव्हतं. सगळ्या शाखेचाच तो राग होता.

"पाल्याचं न्हाय," अक्का म्हणाली. "माजं सांगा."

मावशी म्हणाली, "पाल्याचं सांगितलं की सगळ्या येतात, अम्मा. तुजं सांगितलं की कोनी येत नाय."

"का?"

"आल्या तर घरी नवरा इचारतो ना, तुला कसं म्हाईत? तुला बी हात लावला काय?"

"मग माजं कवा सांगायचं?"

"तुजं सांगायचं नसतं, पिल्ला."

तेव्हा कोपऱ्यात बसलेली गंगूबाई बोलली. "राग मानू नको, शारदे. पन चांगला पाला मिळत हुता तवा तू बी गपच हुतीस की."

मी खाली बघितलं. तेच वाक्य दुपारपासून माझ्या जिभेवर होतं, गंगूबाईनं ते आधी उचललं एवढंच. अक्का रडेल असं मला वाटलं. ती रडली नाही. तिनं दोरीवरचा तो पांढरा शर्ट ओढला आणि गंगूबाईच्या पुढ्यात टाकला.

"गप हुते व्हय? ह्यो घालून रोज तुमच्या म्होरनं जात हुते. एवढ्या उन्हात. तुमाला काय वाटलं, मला थंडी वाजतीया?"

मावशीनं शर्ट उचलला, त्याची घडी घातली, मांडीवर ठेवली. म्हणाली, "मी बी घालत होते. माज्या नवऱ्याचा. तवा दिवाणजी दुसरा होता." मग तिनं आईला विचारलं की चहा टाकतेस का, आणि बोलणं पुन्हा पाल्यावर आलं.

तो डाव मात्र फत्ते झाला. बायकांनी पाला उचलायचाच नाही म्हणून अंगणात ठाण मांडलं. दुपारपर्यंत मॅनेजर जीपमधून आला. गंगूबाईनंच भोकाभोकांची पानं त्याच्या तोंडासमोर नाचवली. कुणाच्याही तोंडून अक्काचं नाव निघालं नाही, खोलीचंही नाही. आठवड्याच्या आत दिवाणजी हलला आणि त्याच्या जागी एक काटकुळा, सदा खोकणारा माणूस आला. गल्लीत सण असल्यासारखं झालं. आईनं शेंगापोळ्या केल्या, वर तूप सोडलं आणि पहिली अक्काच्या ताटात वाढली. तेव्हासुद्धा मी तिच्या आणि माझ्या पोळीचा आकार ताडून पाहिला.

अक्कानं पोळीला हात लावला नाही. आप्पांना विचारलं, "त्याला कुटं धाडलं?"

"दुसऱ्या शाखेत. रुळाच्या पल्याड."

"तितं पाल्याची खोली हाय का?"

आप्पा म्हणाले, "खा आता." आई म्हणाली, "झालं ते झालं, बाळ. वळसंगचे पाहुने येत्यात ऐतवारी."

दुसऱ्या दिवशी सकाळी अक्का शर्ट न घालता बाहेर पडली. ती कुठे निघालीय हे मला लगेच कळलं आणि अंगाचा नुसता तिळपापड झाला. एवढं मोठं काहीतरी करायला निघाली आणि मला विचारलंही नाही! मी चपला न घालता तिच्या मागे पळाले. रुळांपाशी तिनं मागे वळून पाहिलं, "आलीस व्हय?" एवढंच म्हणाली आणि माझी वाट बघत थांबली.

त्या शाखेचं अंगण आमच्यासारखंच होतं. तशीच रांग, तसाच ओटा, ओट्यावर तोच माणूस, कपाळाला तेच गंध. आम्ही फाटकात असतानाच आतल्या खोलीतून माझ्या वयाची एक मुलगी बाहेर आली. तिच्या टोपलीत पाला होता, मऊ, रुंद, एकाही पानाला भोक नसलेला. रांगेतल्या बायकांनी एकमेकींकडे पाहिलं आणि एकीनं नाक मुरडलं. ते नाक मुरडणं माझ्या रोजच्या सरावातलं. वर्षभर मीही तेच केलं होतं.

अक्का अंगणाच्या मधोमध उभी राहिली. आपलं नाव सांगितलं, आप्पांचं सांगितलं, गल्ली सांगितली. मग खोलीत काय होतं ते सांगितलं. तिचा आवाज मोठा नव्हता, पण तिनं एकही शब्द गाळला नाही. दिवाणजी म्हणाला, "डोक्यावर परिनाम झालाय हिच्या, तिकडच्या शाखेत इचारा." अक्का त्या मुलीकडे वळली. मुलीनं टोपली छातीशी घट्ट धरली आणि म्हणाली, "मला काय बी झालेलं न्हाय." अक्का तिच्याशी वाद घालायला गेली नाही. "बरं," म्हणाली.

यावर कुठे फिर्याद झाली नाही, कुणी पोलिसात गेलं नाही. वळसंगचे पाहुणे रविवारी आलेच नाहीत. अक्का फाटकातून बाहेर पडायच्या आत ती बातमी बहुधा त्यांच्याकडे पोचली असावी. पुढे तिचं लग्न झालं, उशिरा, मोहोळच्या एका भुसार दुकानदाराशी. तो तिला आजही "शारदाबाई" म्हणतो, आणि फोनवर ते ऐकलं की मला अजून टोचतं. पण त्या अंगणात एक गोष्ट घडली. रांगेतून एक म्हातारी उठली, तंबाखूनं बोटं काळी पडलेली. तिनं आपली टोपली आणि सूप उचललं, चालत गेली आणि पाल्याच्या खोलीच्या उंबऱ्यात बरोब्बर मध्ये फतकल मारून बसली.

"म्हातारे, वाट सोड," दिवाणजी म्हणाला.

"गुडघं दुखत्यात, बाबा. हितं सावली हाय." तिनं मांडीवर सूप घेतलं आणि विडी वळायला लागली. "पाला काय, भाईर आनून वाटा की. आत जायाची गरजच काय कुनाला?"

थोड्या वेळानं आणखी एक बाई उठली आणि तिच्या शेजारी जाऊन बसली. टोपली धरलेली ती मुलगी त्या दोघींकडे बघत राहिली आणि तिची हनुवटी थरथरायला लागली.

आम्ही परत निघालो. माझे पाय पोळत होते म्हणून अक्कानं आपल्या चपला मला दिल्या आणि स्वतः रस्त्याच्या कडेच्या मातीतून चालू लागली. रूळ ओलांडल्यावर तिनं पायांची माती झटकली. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "त्या पोरीचं नशीब बघ, सुमे. तिच्यासाठी कुनीतरी उंबऱ्यात जाऊन बसलं."

हेव्याचा सूर मला लांबूनही ओळखू येतो, जन्म गेला त्यात. अक्काच्या तोंडून तो मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला.